डॉक्टरचा पगार कोण देतो?

पत्रिकेत विषय छापलाय ‘तेरे मेरे सपने आणि ग्रामीण आरोग्य’. मला वीस मिनिटं दिली होती, त्यातली चार अध्यक्षांनी माझी ओळख करून देण्यात घेतली. सोळा उरली. ओळखीतलं निम्मं खोटं आहे, पण ऐकायला बरं वाटलं.

चित्रपट १९७१ चा, दिग्दर्शन विजय आनंदचं. कोळशाच्या खाणीच्या गावात नवखा डॉक्टर येतो, तो देव आनंद. तिथली शिक्षिका मुमताज. दारूत बुडालेला दुसरा डॉक्टर खुद्द विजय आनंदनं केलाय आणि, देवसाहेबांच्या चाहत्यांनी माफ करावं, भावापेक्षा झकास केलाय. सचिनदांच्या चालींत शिरलो तर सोळा मिनिटं तिथंच जातील.

माझं दुखणं वेगळं आहे. पडद्यावरचा खेड्यातला डॉक्टर रात्री-अपरात्री धावतो, चिखल तुडवतो, फक्त बिल करत नाही. त्याच्या घरची चूल कशावर पेटते?

आमच्या गावी डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी एसटीनं यायचे. औषधाची बाटली आपणच न्यायची. आई खोबरेलाची बाटली राखेनं घासून द्यायची, तरी गुलाबी मिक्श्चरवर तेलाचे डोळे तरंगायचेच. कंपाउंडर कागदाची पट्टी दुमडून कात्रीनं खाचा पाडायचा आणि खळीनं बाटलीला चिकटवायचा. एक खाच, एक डोस. मी रोज एक खाच गुपचूप मोरीत ओतायचो आणि तरी बरा व्हायचो. श्रेय डॉक्टरांना.

आणि पैसे? ‘सुगीला देतो.’ पुढं डॉक्टर गाव सोडून गेले. नारळ झाला, शाल झाली, माझे वडीलही बोलले. बोलता बोलता त्यांचा गळा दाटला. बऱ्याच वर्षांनी कंपाउंडरनं मला डॉक्टरांची लाल वही दाखवली. पानोपानी ‘येणे’. वडिलांच्या नावापुढं अकरा रुपये. शालीच्या वर्गणीत आम्ही दोन रुपये दिले होते, ते मात्र रोख!

अध्यक्ष घड्याळ बघतायत. बरं, मुद्दा.

चित्रपटाची गोष्ट मूळची क्रोनिनच्या १९३७ च्या ‘द सिटाडेल’ कादंबरीची. क्रोनिन स्वतः वेल्समधल्या ट्रेडेगर या खाणीच्या गावात डॉक्टर होता. तिथं कामगार मजुरीतून वर्गणी कापून द्यायचे आणि त्यातून त्यांची संस्था डॉक्टर नेमायची. त्याच गावचा अन्यूरिन बेव्हन पुढं आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ ला ब्रिटनची सरकारी खर्चानं चालणारी आरोग्यसेवा सुरू झाली.

आपल्याकडं १९४६ साली दोन गोष्टी झाल्या. शांतारामबापूंनी सोलापूरच्या डॉ. कोटणीसांवर चित्रपट काढला. तो आपल्याला पाठ आहे. त्याच वर्षी सरकारनं नेमलेल्या भोर समितीचा देशाच्या आरोग्यव्यवस्थेवरचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, खेडोपाडी आरोग्यकेंद्रं हवीत, डॉक्टर पूर्णवेळ पगारी हवेत, हे त्यात लिहिलंय. तो कुणी वाचलाय? एक हात. तोही पंख्याकडं बोट दाखवतोय.

आता चित्रपट. गरोदर बायकोला श्रीमंताची गाडी धडकते, कोर्टात दाद लागत नाही, डॉक्टर चिडून मुंबईला पैसा करायला जातो. आपण म्हणतो, लोभ सुटला. मला तिथं आमची लाल वही दिसते. शेवटी तो परततो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, आणि परतल्यावर गाव त्याला महिन्याला काय देणार, हे...

चिठ्ठी आली. चहा गार होतोय म्हणे.