नेच्याच्या दोन सावल्या

नमस्कार मंडळी,

मागे टांगलेली निळी चादर येता-येता पाहिलीच असेल. मंडळातल्या बावीस जणांनी मिळून ती केली. चित्रकार त्यात एकही नाही, मी तर नाहीच.

रीत जुनी आहे. १८४२ मध्ये जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञानं ती शोधली. लोहाचे दोन क्षार पाण्यात कालवून अंधारात कापडावर फासायचे, वाळलं की वर पानं मांडून उन्हात ठेवायचं. ऊन पडेल तिथे निळा रंग धरतो. पानाखालचा लेप धुऊन जातो, कापड पांढरं राहतं. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या इंग्रज वनस्पतिअभ्यासक बाईंनी समुद्री शेवाळांचे ठसे घेऊन पुस्तक काढायला घेतलं. नेच्यांचा (म्हणजे फर्नचा) संच मात्र त्यांनी १८५३ मध्ये ॲन डिक्सन या मैत्रिणीच्या जोडीनं केला. म्हणजे हे काम दुकटीनं करण्याची सोय आधीपासूनच आहे!

बावीस जणांनी करायचं तर भांडण आलंच. प्रत्येकाला मधली जागा हवी. ‘प्रत्येकाला एकेक चौकोन द्या, मग शिवून टाकू’ असं कुणीतरी सुचवलं. मी हटून बसले. ती गोधडी छान झाली असती, पण कुणाचं पान कुणाला अडलं नसतं.

शेवटी मांडलं सगळं. अर्ध्या वेळात वारा आला आणि एक नेचा सरकला. ज्याचा होता त्यानं घाईनं परत ठेवला, तोही बोटभर बाजूला. डावीकडे खाली बघा: दोन फिकट निळ्या सावल्या, आणि त्या एकमेकींवर येतात तेवढीच पट्टी पांढरीशुभ्र. सगळ्या चादरीत मला तोच कोपरा आवडतो. आता तो कुणाच्या नावावर लावायचा, नेच्याच्या की वाऱ्याच्या?

एकाचं काम अनेकांच्या हातून पुरं होतं, तसं आणखी एक सांगते. योसेफ बॉइस या जर्मन कलाकारानं १९८२ मध्ये जर्मनीत कासेलला ७००० झाडं लावायला घेतली, प्रत्येकाशेजारी बेसॉल्टचा एक उभा दगड. १९८६ मध्ये तो गेला. लोक लावत राहिले. शेवटचं झाड १९८७ मध्ये त्याच्या मुलानं लावलं. दगड तेवढाच आहे, झाडं वाढताहेत.

पुढची चादर उन्हाळ्यात करू. जाड, गरदार पानं आणू नका, ती कापडाला टेकत नाहीत आणि कडा पुसट येतात. दोन दिवस वहीत दाबून आणा. आणि वजनाला चार-पाच खडेही, वाऱ्याला एक कोपरा पुरे.