मोजणीबाहेर उरलेला एक

श्रोतेहो, नमस्कार.

अद्भुतकथा उघडली की सात हा आकडा हमखास भेटतो. सात समुद्र, सात दरवाजे, सातव्या मुलाचा सातवा मुलगा. सातच का? एक उत्तर आकाशात आहे. दुर्बिणीआधीच्या माणसाला ताऱ्यांमधून वाट काढत फिरणारे सातच दिसत: सूर्य, चंद्र आणि पाच ग्रह. आठवड्याचे वारही त्यांच्याच नावांचे. त्यामुळे सात झाले म्हणजे सगळे आले, ही भावना फार जुनी आहे.

पण नुसते सात दरवाजे उभे करून जादू होत नाही. कितीतरी कथांत साताचे सहा केले तरी काही बिघडत नाही. तिथे आकडा केवळ शोभेचा. मला वाटतं, आकड्यात खरा जीव येतो तो मोजणी पुरी झाल्यावरही कुणीतरी एक उरतो तेव्हा.

ग्रिम बंधूंच्या संग्रहातली झोपी गेलेल्या राजकन्येची गोष्ट आठवा. राज्यात जादू जाणणाऱ्या तेरा स्त्रिया, आणि राजाकडे सोन्याच्या थाळ्या बाराच. म्हणून एकीला आमंत्रणच जात नाही. अकरा जणींचे आशीर्वाद देऊन होतात आणि तेवढ्यात तेरावी येऊन मृत्यूचा शाप देते. बारावीचा वर अजून शिल्लक असतो, म्हणून मरणाची शंभर वर्षांची झोप होते. सगळी कथा एका थाळीच्या हिशेबावर उभी आहे! बारा म्हणजे वर्षाचे महिने, नीट बसलेली घडी. तेरावी त्या घडीत मावत नाही.

तीनचंही असंच. डॅनिश अभ्यासक अ‍ॅक्सेल ओल्रिक यांनी १९०९ च्या निबंधात लोककथेचे नियम मांडले, त्यांत तीनचा एक स्वतंत्र नियम आहे. थोरला भाऊ हरतो, मधला हरतो. दोघांनी मिळून एक रीत पडते, आणि धाकटा ती मोडतो.

हॅरी पॉटरच्या कथेतल्या खलनायकाचा सातावर गाढ विश्वास. आत्म्याचे सात भाग करायचे, सहा बाहेर दडवायचे, एक स्वतःजवळ ठेवायचा, हा त्याचा बेत. पण एका बाळावर चालवलेला शाप उलटतो आणि आत्म्याचा एक तुकडा त्या बाळातच अडकून राहतो. त्याच्या हिशेबात तो कधी आलाच नाही. मृत्यूला हरवायला निघालेला माणूस स्वतःच्याच गणितात सापडला, ही योजना मला फार सुंदर वाटते.

आणि टॉल्कीन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी. एल्फांना तीन अंगठ्या, बटूंना सात, माणसांना नऊ. वाटप पुरं. त्यावर एक विसावी, सगळ्यांना बांधणारी. ती नष्ट करायला एल्फांचा एक प्रमुख, एलरॉण्ड, विचारपूर्वक नऊ सोबती निवडतो, कारण समोर शत्रूचे काळे घोडेस्वारही नऊच आहेत. तराजू अगदी समतोल. पण अखेरच्या क्षणी, ज्वालामुखीच्या काठावर, अंगठी वाहणाऱ्याचाच निर्धार ढळतो. तो ती बोटात घालतो. तेव्हा अंगठी आगीत जाते ती गोलमच्या हातून. हा त्या अंगठीसाठी झुरणारा, तिच्या मागावर असलेला एक जीव, आणि तो या नवांतही नव्हता, त्या नवांतही नव्हता.