इंटरनेटचा आकार कुणी शोधला?

नमस्कार श्रोतेहो.

धरण बांधायचं तर आधी आराखडा लागतो. इंटरनेटही माणसांनीच उभारलं, पण त्याचा आराखडा कुणाकडेच नाही. हजारो स्वतंत्र जाळी, आणि कुणाशी जोडून घ्यायचं हे ज्याचं तो ठरवतो. त्यामुळे आपणच बांधलेल्या वस्तूचा आकार, अनोळखी जंगलासारखा, पायाखाली घालून शोधावा लागला.

शोधतात कसा? इंटरनेटवरून जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यावर, एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राऊटर, म्हणजे पॅकेट पुढे धाडणारं यंत्र, त्यातून एक वजा करतो. आकडा संपला की पॅकेट तिथेच टाकून दिलं जातं आणि तसा निरोप सहसा पाठवणाऱ्याकडे येतो. आकडा मुद्दाम एक ठेवला तर पहिल्या राऊटरचा पत्ता कळतो, दोन ठेवला तर दुसऱ्याचा. याला ‘ट्रेसराऊट’ म्हणतात. बिघाड हुडकायचं हे साधन नकाशे काढायला कामी आलं.

1999 मध्ये फालूत्सोस या तीन संगणकशास्त्रज्ञ भावांनी दाखवलं, की इंटरनेटवरच्या बहुतेक बिंदूंना, म्हणजे राऊटरना किंवा स्वतंत्र जाळ्यांना, जोडण्या अगदी थोड्या आणि मोजक्यांना प्रचंड असतात. त्याच वर्षी बाराबाशी आणि रेका आल्बर्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी कारण सुचवलं: नवा येणारा बहुधा आधीच खूप जोडलेल्याशी जोडून घेतो. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाचा इशारा आला, की नेमके हे मोठे बिंदू पाडले तर जाळं विखरून जाईल.

इथे अभियंते आणि गणितज्ञ पुढे आले, आणि मला हा सगळ्यात मोलाचा टप्पा वाटतो. 2003 मध्ये दिसून आलं, की थोड्याच ठिकाणांहून ट्रेसराऊट चालवलं तर साधं जाळंही तसंच विषम दिसू शकतं. 2004 मध्ये ली, अल्डरसन, विलिंगर आणि डॉयल यांनी प्रत्यक्ष राऊटरकडेच बोट दाखवलं. एका राऊटरची एकूण क्षमता ठरलेली. ती एक तर थोड्या वेगवान तारांना द्या, नाहीतर पुष्कळ संथ तारांत वाटा. लांब पल्ल्याची वाहतूक मधून धावते, म्हणून तिथे मोजक्याच पण दमदार तारा. शेकडो तारांचा गुंता दिसतो तो कडेला, घराघरांच्या जोडण्या जिथे एकत्र येतात तिथे. तसला राऊटर बंद पडला तर त्याच्यापुढची घरं अंधारात जातात. मधला प्रवाह चालूच राहतो.