ठशाखालचं तांबं

[दृश्य: हातावर ठेवलेली शिवराई, अगदी जवळून]

ही शिवराई. व्यास जेमतेम दोन सेंटीमीटर, तांबं जाडजूड. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. १६७४ च्या राज्याभिषेकाबरोबर हे नाणं सुरू झालं आणि पुढे दीडशेहून अधिक वर्षं मराठी मुलखात ठिकठिकाणी पाडलं गेलं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जुन्या घरांत, देव्हाऱ्यातल्या डब्यात, आजही एखादी सापडते.

इथे 'छत्र' दिसतंय, 'पति' गायब आहे. झिजलेलं नाणं म्हणून अशा शिवराया वजनावर मोडीत जातात. पण ही झीज नव्हे. झिजलेलं अक्षर बसकं आणि गुळगुळीत होतं. इथे अक्षराची धार शाबूत आहे, फक्त ते कडेला कापल्यासारखं थांबलंय. का, ते टंकसाळीच्या कामातच दिसतं.

[दृश्य: भट्टी, मूस, ऐरण]

आधी तांबं मुशीत वितळवून त्याची कांब ओतायची. कांबीचे छिन्नीने तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा तराजूत घालायचा. जड भरला तर कड कातरायची, हलका भरला तर पुन्हा मुशीत. मग ठोकून चकती करायची. ठोकून तांबं कडक होतं, म्हणून लालबुंद होईपर्यंत ताव द्यायचा आणि पाण्यात बुडवायचं. पोलादाला असं बुडवलं तर ते कडक होतं, तांबं मात्र मऊच राहतं. हा ताव कमी पडला की घणाखाली चकतीची कड तडकते. कडेला चिरा असलेली नाणी पाहिलीत ना, त्या चिरा बहुतेक वेळा टंकसाळीतच पडलेल्या असतात.

आता ठसे. दोन्ही पोलादाचे, अक्षरं आरशातल्यासारखी उलटी कोरलेली. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला, वरचा कारागिराच्या हातात. मध्ये चकती, वर घणाचा घाव. घाव थेट वरच्या ठशावर बसतो, म्हणून तोच आधी चिरतो. चिरलेल्या ठशातून पडलेल्या नाण्यावर बारीक उंच रेघ उमटते. हात हलला आणि दुसरा घाव बसला की अक्षरं दुहेरी होतात. आणि शिवराईचा ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा. चकती जिथे सरकली तेवढाच मजकूर तिच्यावर आला. म्हणून एका शिवराईवर अख्खा मजकूर क्वचितच मिळतो. चार-पाच नाणी शेजारी मांडली की तो जुळतो.

पडद्यावरच्या ठशावर मुद्दाम फक्त एक फूल कोरलं आहे. शिवराईचा मजकूर कोरला असता तर बाजारात आणखी एक बनावट नाणं फिरलं असतं.

[दृश्य: हलशी, भूवराह नरसिंह मंदिर]

हलशी, खानापूरजवळचं गाव. बाराव्या शतकात इथे गोव्याच्या कदंबांची सत्ता होती. त्यांच्या सोन्याच्या नाण्यावर सिंह आहे आणि 'श्री सप्तकोटीश्वर लब्ध वर प्रसाद' असा नागरी लेख. त्याच काळात चीनमध्ये नाणी ठोकत नव्हते, साच्यात ओतत होते. मधलं चौकोनी भोक कामाचं होतं: चौकोनी सळईवर नाणी ओवायची, ती फिरत नाहीत, मग सगळ्यांच्या कडा एकदम कानशीने घासायच्या. इराणातल्या लार गावच्या नावाची लारी हे नाणं तर चांदीची दुमडलेली तार. आदिलशाहीने तीही कोकण किनाऱ्याच्या व्यापारासाठी पाडली.

[दृश्य: बेळगावचा किल्ला, शहापूरची सराफ गल्ली]

मुघल काळात बेळगाव म्हणजे आझमनगर, आणि ते नाव फारसी अक्षरांत रुपयावर आलं. टंकसाळी अनेक, रुपये अनेक, प्रत्येकाचा कस, म्हणजे चांदीची शुद्धता, वेगळा. तो कसोटीवर पारखून सराफ बट्टा, म्हणजे किमतीतली घट, ठरवायचा. १८३५ मध्ये कंपनीने १८० ग्रेनचा, म्हणजे नेमका तोळ्याचा, यंत्रावर पाडलेला एकसारखा रुपया आणला. गावोगावच्या टंकसाळी हळूहळू बंद पडल्या आणि हातठशाचे कारागीर कामावाचून राहिले.

[दृश्य: वाटीत चिंचेचं पाणी, त्यात नाणं]

हे करू नका. ताव दिलेल्या चकतीवरची काजळी काढायला आंबट पाणी ठीक असतं. शंभर-दोनशे वर्षांच्या नाण्यावर मात्र तेच आंबट त्याचा जुना थर खातं, आणि अक्षरांची कड त्या थरातच शिल्लक असते. गर्द हिरवा किंवा तपकिरी घट्ट थर असेल तर त्याला हात लावू नका. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी सुटत असेल तर ती क्षारांनी लागलेली कीड आहे; दमट हवेत ती वाढते. ते नाणं वेगळं काढा, कोरड्या डबीत सिलिका जेल घालून ठेवा. पीव्हीसीची पारदर्शक पाकिटं टाळा, त्यांतून सुटणारं द्रव्य तांब्याला हिरवा चिकटा आणतं. साधं आम्लविरहित कागदी पाकीट बरं. नाणं कडेला धरूनच उचला.

[दृश्य: भिंगाखाली दोन होन]

शिवरायांचा होन, म्हणजे सोन्याचं नाणं, पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा, अत्यंत दुर्मीळ. म्हणून नकली फार. डावीकडचा ओतीव आहे: पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे, अक्षरं मऊ, कडेला साच्याची शिवण. घणाने पाडलेल्या नाण्याला शिवण नसते.

[दृश्य: शेतातलं मडकं]

जमिनीत नाण्यांचं मडकं लागलं तर ते फोडू नका, वाटून घेऊ नका. कर्नाटकात निखात निधीचा, म्हणजे जमिनीत सापडलेल्या धनाचा, १९६२ चा कायदा आहे. डीसी ऑफिसला, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाला, कळवावंच लागतं. आतली सगळी नाणी एकत्र राहिली तरच त्यांतलं सर्वांत अलीकडचं कोणतं ते समजतं, आणि मडकं त्या सालाच्या आधी पुरलेलं नाही हे ठरतं.