शेंबूड हिरवा झाला की अँटिबायोटिक घ्यायचं का?

नमस्कार मंडळी, इंदूरहून बोलतेय, आणि आवाजावरून कळलंच असेल की नाक पार चोंदलंय. रंगपंचमीची गेर (रंग उधळणारी मिरवणूक) बघायला राजवाड्यावर गेले होते, अर्धा गुलाल अजून नाकातच आहे वाटतं, त्यात सर्दी. मावशी म्हणते, अगं हिरवा शेंबूड येतोय ना, म्हणजे इन्फेक्शन, मेडिकलवरून ती तीन गोळ्यांची अ‍ॅझिथ्रोमायसिनची स्ट्रिप घे, मोकळी होशील.

मी डॉक्टर नाही हं, मायक्रोबायोलॉजी शिकवते, म्हणून मला हा हिरवा रंग फार आवडतो (हसू नका). तो रंग बॅक्टेरियाचा नसतोच, आपल्याच पांढऱ्या पेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, तेच हिरवं असतं, आणि त्या पेशी व्हायरसच्या साध्या सर्दीतही धावून येतात. म्हणजे रंगावरून काही ठरत नाही.

आता गालाच्या हाडातला सायनस, म्हणजे नाकाला जोडलेली पोकळी, ही अशी टाकी समजा जिची तोटी खाली नाही, वरच्या बाजूला आहे. आतले बारीक केस शेंबूड वर ढकलत ढकलत बाहेर काढतात. सर्दीत ते भोक सुजून बंद होतं, माल आत साचतो, आणि नाकात आधीपासून राहणारे बॅक्टेरिया तिथे मजेत वाढतात. पण हे किती वेळा होतं? मोठ्या माणसांच्या १०० सर्द्यांमध्ये जेमतेम दोन, तेही जास्तीत जास्त.

मग ओळखायचं कसं? दिवस मोजा. १० दिवस झाले तरी काहीच उतार नाही, किंवा बरं वाटायला लागलं होतं आणि पुन्हा ताप, डोकेदुखी उसळली, किंवा सुरुवातीलाच सलग तीन-चार दिवस १०२ च्या वर ताप, सोबत पू किंवा गाल ठणकतोय, तर डॉक्टरांकडे जा.

हे सायनसचं इन्फेक्शन करणारे मुख्य बॅक्टेरिया तीन, स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए, हिमोफिलस इन्फ्लुएंझा आणि मोराक्सेला. या हिमोफिलसचं नाव गंमतच आहे, १८९० च्या दशकात फायफर साहेबांना वाटलं फ्लू यानेच होतो, फ्लू निघाला व्हायरसचा पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तर हिमोफिलस आणि मोराक्सेला यांच्यातले बरेच जण बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम सोडतात, ते अमॉक्सिसिलिन या नेहमीच्या अँटिबायोटिकला तोडून टाकतं, म्हणून जोडीला क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड देतात, ते त्या एन्झाइमलाच अडकवून ठेवतं आणि अमॉक्सिसिलिन आपलं काम करतं. (पोट बिघडतं ते बहुतेक या क्लॅव्हमुळेच, जेवताना घ्या.) मोठ्यांना साधारण ५ ते ७ दिवस पुरतात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देऊ शकतात.

आणि मावशीची अ‍ॅझिथ्रो? स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिएमध्ये त्या गटाच्या औषधांना रेझिस्टन्स इतका वाढलाय की अमेरिकेच्या संसर्गतज्ज्ञांच्या २०१२ च्या गाइडलाइनमध्ये ती सायनससाठी अंदाजाने देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे सर्दी व्हायरसची असेल तर गोळी फुकट, आणि बॅक्टेरियाची असेल तरी बहुतेक चुकीची गोळी.

एकाच बाजूने घाण वास येणारा पू येत असेल तर वरची दाढ दाखवा, तिची मुळं सायनसला लागूनच असतात. डोळा सुजला, दोन-दोन दिसायला लागलं, मान आखडली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. शुगरवाल्यांनी तर खासच, २०२१ मध्ये इंदूरच्या आपल्या एमवाय हॉस्पिटलचे वॉर्ड ब्लॅक फंगसने भरलेले आठवतात ना, ती बुरशी सायनसमध्येच शिरायची आणि बुरशीला या गोळ्यांचा काही उपयोग नाही.

जलनेती करता ना? छान, पण पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं तसंच नाही.

माझा आज पाचवा दिवस आहे. स्ट्रिप मावशीने आणलीच, मेडिकलवाल्याने चिठ्ठीसुद्धा विचारली नाही म्हणे, ‘चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ सांगणाऱ्या लाल रेघेसकट फ्रिजवर पडलीय.