मूर्खांची नौका

श्रोतेहो, नमस्कार.

एक जहाज डोळ्यांसमोर आणा. मालक धिप्पाड, पण कानांनी थोडा बहिरा, नजरेने अधू आणि समुद्राची माहितीही बेताचीच. सुकाणू कोणी धरायचं यावरून खलाशांत जुंपली आहे. नाव हाकायला त्यांच्यापैकी कोणीच शिकलेलं नाही. ती विद्या शिकवता येतच नाही, असं वर सांगतात. मग मालकाला दारू पाजून, गुंगीचं औषध देऊन ते जहाज ताब्यात घेतात आणि कोठारातल्या खाण्यापिण्यावर ताव मारतात. ताऱ्यांवरून वाट ओळखणारा जो खरा जाणकार, त्याला मात्र आभाळाकडे बघत बडबडणारा ठरवतात.

हे रूपक ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथातलं. अथेन्सच्या लोकशाहीने त्याच्या गुरूला, सॉक्रेटिसला, विषाचा प्याला दिला होता, म्हणून त्यामागची जळजळ समजते. तरी मला एक गोष्ट खटकते. शहाणा कोण हे सांगणाऱ्याने आधीच ठरवलंय, आणि तो शहाणा म्हणजे तत्त्वज्ञच.

अठराशेहून अधिक वर्षांनी, १४९४ साली, स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात सेबास्टियान ब्रांट या कायदेपंडिताने ‘मूर्खांची नौका’ हे जर्मन काव्य छापलं. प्रकरणं शंभरावर, आणि प्रत्येकात एकेका मूर्खपणाची हजेरी. दासबोधातली मूर्खलक्षणं ऐकत वाढलेल्या आपल्याला ही यादी परकी वाटत नाही. सोबत लाकडी ठशांची चित्रं. त्यांतली बरीच तरुण जर्मन चित्रकार ड्यूररची असावीत, असं अभ्यासक मानतात.

आता नौकेत पहिला कोण चढतो ते बघा. ग्रंथांच्या ढिगात बसलेला पंडित! डोक्यावर विदूषकाची टोपी, हातात पुस्तकांवरच्या माश्या हाकलायला झटकणी. पुस्तकं भरपूर, पण त्यांतलं समजत काही नाही, असं तो स्वतःच कबूल करतो. ग्रंथांत आयुष्य काढलेल्या ब्रांटने पहिला मान या माणसाला द्यावा, आणि शेवटाकडे स्वतःच्या मूर्खपणाचीही कबुली द्यावी, हे मला फार मोलाचं वाटतं. पुस्तक अफाट खपलं. १४९७ मध्ये लॅटिन आवृत्ती आली आणि नौका युरोपभर फिरली.

साधारण त्याच काळात हिएरोनिमस बॉश या डच चित्रकाराने हीच नौका रंगवली. आज ते चित्र पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. उंची जेमतेम ५८ सेंटिमीटर, पण त्यात किती काय भरलंय! एक जोगीण ल्यूट हे तंतुवाद्य वाजवते आहे, समोर धर्मगुरू बसलाय, आणि मधोमध दोरीला टांगलेल्या पोळीकडे तोंडं वासून सगळे गाताहेत. डोलकाठी म्हणजे पालवी फुटलेलं झाड. त्याला बांधलेला भाजलेला पक्षी कापायला एकजण सुरी घेऊन वर चढतोय. खरा विदूषक सगळ्यांकडे पाठ करून बाजूला बसलाय, आपल्या वाडग्यातून घोट घेत. वेडाची ज्याची नोकरी, तोच त्या घोळक्यात सर्वांत शांत. हा मूळ चित्राचा एक तुकडा. खालचा भाग अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलादालनात आहे. दोन्हींची छायाचित्रं वर-खाली ठेवून जरूर बघा.

संगीतातही ही नौका आली. १९७४ मध्ये ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन बँडने आणि १९८८ मध्ये ब्रिटिश गायक रॉबर्ट प्लँटने याच नावाची वेगवेगळी गाणी केली.

मला मात्र सर्वांत जवळची वाटते ती अमेरिकन लेखिका कॅथरिन अॅन पोर्टर यांची १९६२ ची कादंबरी. नाव तेच, ब्रांटकडून घेतलेलं. प्रस्तावनेतच त्या सांगतात की या जहाजावर मीही एक प्रवासी आहे. साल १९३१. मेक्सिकोहून जर्मनीला निघालेलं जहाज, प्रवासी बहुतेक जर्मन, हिटलर सत्तेवर यायला अजून दोन वर्षं. प्लेटोच्या जहाजावर होता तसा गोंधळ इथे नाही. कप्तान आहे, शिस्त आहे, जेवणाच्या टेबलावर मानाच्या जागा आहेत. कप्तानाच्या टेबलावर फ्राइटाग नावाचा एक जर्मन बसतो. त्याची बायको ज्यू आहे हे कळतं, आणि त्याला तिथून हलवून जहाजावरच्या ज्यू प्रवाशाच्या टेबलावर बसवलं जातं. कप्तानाच्या टेबलावरच्या बहुतेकांना त्यात वावगं वाटत नाही.