वाटेवरचं कुलूप

श्रोतेहो, नमस्कार.

व्हॉट्सॲपवर नव्या माणसाशी बोलणं सुरू केलं की वर एक बारकी सूचना दिसते: संदेश आणि कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत. म्हणजे त्यांना असं कुलूप आहे की पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कोणालाही ते वाचता-ऐकता येत नाहीत. यावर गावात दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतो, थापा आहेत, कंपनी सगळं वाचते. दुसरा म्हणतो, कुलूप आहे ना, मग आधारचा फोटो बिनधास्त पाठव. चुकतात दोघंही, पण दुसऱ्याची चूक जास्त महागात पडते.

कुलूप खरं आहे. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचा प्रत्येक खासगी संदेश त्यात बंद होऊन जातो. ज्या पद्धतीने ते बनतं ती सिग्नल नावाची पद्धत जगजाहीर आहे आणि तज्ज्ञांनी ती तपासलेली आहे. तुमचा फोन स्वतःच किल्ल्या तयार करतो. एक उघडी, कोणालाही देता येते, तिनं फक्त कुलूप लागतं. दुसरी गुप्त, ती फोनमधून बाहेर पडत नाही आणि कुलूप उघडतं ते तिनंच. वणीहून दर्यापूरला पाठवलेला निरोप मधल्या टॉवरला आणि कंपनीच्या सर्व्हरला निव्वळ अगम्य अक्षरं म्हणून दिसतो.

हे पडताळताही येतं. समोरच्याच्या नावावर टिचकी मारा, खाली ‘एन्क्रिप्शन’ दिसेल, ते उघडा. पाच-पाच आकड्यांचे बारा गट, म्हणजे ६० आकडे दिसतील. समोरच्याच्या फोनवरही तेच हवेत. दोघं शेजारी बसले असाल तर तिथला चौकोनी कोड स्कॅन करा, काम लगेच होतं. समोरच्यानं फोन बदलला किंवा ॲप पुन्हा टाकलं की हे आकडे बदलतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आकडे बदलल्याची सूचना आली आणि मागोमाग ‘पैसे पाठव’ असा निरोप आला, तर आधी साधा फोन लावून आवाज ऐका.

आता त्या सूचनेत काय लिहिलेलं नाही, ते पाहू. कुलूप मजकुराला आहे. कोण कोणाशी बोललं, कधी, किती वेळ, कुठल्या नंबरवरून, हे त्या कुलपात येत नाही. एखाद्या घरातून आधी गावच्या डॉक्टरला, मग नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला आणि संध्याकाळी सोनाराला फोन गेला, तर बोलणं ऐकायची गरजच उरत नाही.

वादही याच बाहेरच्या माहितीवरून झाला. व्हॉट्सॲपनं २०२१ मध्ये आपलं गोपनीयता धोरण बदललं, तेव्हा संदेशाचं कुलूप काढलं नव्हतं. ही इतर माहिती मेटाच्या, म्हणजे व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीच्या, बाकीच्या कंपन्यांना देण्याचा प्रश्न होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सीसीआयनं त्यासाठी मेटाला २१३.१४ कोटी रुपये दंड ठोठावला आणि कंपनी अपिलात गेली. आपल्याकडे सीसीआय म्हटलं की कापूस खरेदी केंद्र डोळ्यांपुढे येतं. ही सीसीआय वेगळी, भारतीय स्पर्धा आयोग.

मग कंपनीच्या शब्दावर भरवसा ठेवायचा कसा? शब्द बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा: किल्ली कोणाकडे आहे? झूम ही कंपनी आपल्या व्हिडिओ बैठका एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असल्याचं सांगत होती, प्रत्यक्षात किल्ल्या तिच्याच सर्व्हरवर होत्या. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं यावरून २०२० मध्ये तिच्यावर कारवाई केली. उलट सिग्नल नावाचंच एक निरोपाचं ॲप आहे, त्याच्याकडे २०१६ मध्ये तिथल्या न्यायव्यवस्थेनं एका खात्याची माहिती मागितली, तर द्यायला दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. जे जवळ ठेवलंच नाही ते मागूनही मिळत नाही. टेलिग्रामबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. तिथे चॅटपैकी असं कुलूप फक्त ‘सीक्रेट चॅट’ला असतं. नेहमीच्या चॅटला ते नाही, आणि ग्रुपला तर नाहीच.

बॅकअप ही दुसरी उघडी खिडकी. फोन हरवला तर चॅट परत मिळावेत म्हणून अँड्रॉइड फोनवर त्यांची प्रत गूगलच्या खात्यात जाते, आणि तिला हे कुलूप आपोआप लागत नाही. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप असं जाऊन ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’ चालू करा. पासवर्ड ठेवा किंवा ६४ अक्षरांची किल्ली घ्या, आणि ती कागदावर लिहून पेटीत ठेवा. विसरलात तर कंपनीही उघडून देऊ शकत नाही. कुलूप खरं असण्याचा तोच पुरावा, पण गेलेले चॅट गेलेच.

आपल्या भागात खरी गळती मात्र ऑनलाइन कामाच्या दुकानात होते. पीक विम्याचे दिवस आले की आधार, सातबारा आणि पासबुकाचे फोटो दुकानदाराच्या नंबरवर धडाधड जातात. वाटेवर ते कुलपात असतात. पण त्याचं व्हॉट्सॲप दुकानातल्या संगणकाला जोडलेलं असतं. फोटो तिथे उघडतात, डाउनलोड होतात आणि पुढच्या खरिपापर्यंत तिथेच पडून राहतात. त्या संगणकावर तीन पोरं काम करतात, पासवर्ड सगळ्यांना पाठ. बंडीवर ताडपत्री घट्ट आवळली, पण कोठ्याला दारच नाही, अशातली गत. तुम्ही ‘सर्वांसाठी हटवा’ दाबलं तरी डाउनलोड झालेली प्रत जात नाही. म्हणून काम झालं की तिथेच उभं राहून डाउनलोड्समधली फाइल काढायला लावा, मग रिसायकल बिनही रिकामं करायला सांगा. संकोच वाटतो खरा, पण आपलाच कागद आहे. झेरॉक्सवर आडवं लिहा: ‘फक्त पीक विम्यासाठी’, खाली तारीख. पूर्ण नंबर लागत नसेल तिथे आधारच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आपल्या फोनचंही बघा. ‘लिंक केलेली डिव्हाइस’ उघडा, अनोळखी संगणक दिसला तर त्यावर टिचकी मारून लॉग आउट करा. सेटिंग्जमधल्या ‘खाते’ या भागात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन ठेवा. मग कोणी ओटीपी काढून घेतला तरी तेवढ्यावर खातं पळवता येत नाही.

शेवटी एपीके. लग्नपत्रिका किंवा पीएम किसानची यादी म्हणून येणारी, नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली फाइल म्हणजे ॲप असतं. ते बसवून परवानग्या दिल्या की ते तुमचे एसएमएस आणि स्क्रीन वाचू शकतं, म्हणजे कुलूप उघडल्यानंतरचा मजकूर. तिथे एन्क्रिप्शनचा काही उपयोग नाही. चुकून बसवलंच तर फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा. दुसऱ्याच्या फोनवरून आधी बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर. तिथे व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि व्यवहार क्रमांक विचारतात, तेव्हा बँकेचा एसएमएस असेल तर तो पुसू नका.